स्पिंडल चालू केला की खोटी लिमिट लागते, त्याबद्दल

सीएनसी मशीनचा (संगणकाच्या आज्ञेवर कापणारं यंत्र) स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, सुरू होताच लिमिट अलार्म (अक्ष टोकाला पोचल्याचा इशारा) येतो म्हणून तुम्ही लिमिट स्विच बदलायला निघाला आहात. थांबा, दोष बहुधा वायरिंगचा आहे, पॉवर केबलचा नॉइज (विजेचे नको असलेले सिग्नल) स्विचच्या तारेत शिरतो. व्हीएफडीपासून (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मोटरपर्यंत शील्डेड केबलच (तारांभोवती धातूची जाळी, म्हणजे शील्ड असलेली) हवी, आणि तिची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा. शील्डची वेणी वळून स्क्रूखाली दाबू नका. पॅनेलच्या मागच्या प्लेटचा रंग खरवडा आणि उघड्या पत्र्यावर शील्ड क्लँपने चहूबाजूंनी आवळा. उच्च फ्रिक्वेन्सीला वेणी म्हणजे अडथळा, नॉइज तिथूनच फुटतो. सिग्नल केबल पॉवर केबलपासून २०० मिमी तरी दूर ठेवा. ओलांडायचीच तर काटकोनात.

लिमिट स्विच एनसी (दाबला नसताना सर्किट जोडलेलं) आणि २४ व्होल्टवर जोडा, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबेल. कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका जिरवायला प्रत्येक डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लागला तर सप्लाय शॉर्ट!

इमर्जन्सी स्टॉप नुसता कंट्रोलरच्या इनपुटला दिलाय, ते मात्र आजच बदला. सॉफ्टवेअर अडकलं तर ते बटण निरुपयोगी. त्याच्या एनसी काँटॅक्टमधून मेन काँटॅक्टरची (मशीनची पॉवर जोडणारा मोठा रिले) कॉइल न्या, आणि बटण सोडल्यावर मशीन आपोआप चालू होऊ नये म्हणून सेल्फ-होल्डिंग ठेवा, म्हणजे एकदा तुटलं की स्टार्ट बटण पुन्हा दाबावंच लागेल.