मदत हवी आहे: जुनी उपकरणं, चार्जर, खाती, फोटो – गुंत्याचं कुठलं टोक आधी सोडवू?

नमस्कार मंडळी,

घरातली इलेक्ट्रॉनिक अडगळ काढायला घेतली आणि पहिल्याच खणापाशी अडले. ‘वर्षभर हात लावला नाही ते काढून टाका’ हा सल्ला कपड्यांपुरता ठीक आहे. इथे प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाला तरी धरून बसली आहे.

म्हणजे बघा. जाड गोल पिनचा एक अडॅप्टर आहे. तो बाबांच्या जुन्या लॅपटॉपचा, म्हणून टाकता येत नाही. लॅपटॉप टाकता येत नाही, कारण त्यात फोटो आहेत. ते सगळे क्लाउडवर चढवलेत असं बाबा छातीठोकपणे सांगतात, पण त्या गूगल खात्याचा पासवर्ड त्यांना आठवत नाही. नवा घ्यायला गेलं की कोड मागतात, आणि कोड दाखवणारं ॲप त्यांच्या जुन्या फोनवर. त्या फोनची बॅटरी फुगली आहे. स्क्रीनची एक कड उचलली गेलीय, पत्त्याचं पान सरकेल एवढी फट दिसते. झालं, अडॅप्टर परत खणात.

बाकी पसारा असा: वायरींचं एक भेंडोळं (मिनी यूएसबी, मायक्रो, टाइप-सी, आणि काही कशाच्या ते देव जाणे), दोन जुने राउटर, आणि जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली एक सुटी हार्ड डिस्क. तिला मागे रुंद चपटं कनेक्टर आहे, पिनांच्या दोन लांब ओळी. आताच्या कुठल्याच यंत्राला ते लागत नाही.

फोटोंची तऱ्हा आणखी निराळी. माझ्या खात्यातली फुकटची १५ जीबी भरली. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची जागा एकच, शिवाय अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला माल वेगळा दिसतो. तिथून शुभ सकाळ आणि सुविचार मुळापासून उपटले, ऑटो डाउनलोड बंद केलं. खरी डोकेदुखी खऱ्या फोटोंची. एकच फोटो माझ्या फोनवर, बहिणीच्या फोनवर, लॅपटॉपच्या ‘नवीन फोल्डर’मध्ये, आणि त्याच्या पोटातल्या ‘बॅकअप जुना फायनल’मध्येही. मूळ कुठला आणि पाठवलेला कुठला, काही कळत नाही.

तर सुरुवात कुठून करू? वस्तूंपासून, खात्यांपासून की फोटोंपासून? ‘रोज पंधरा मिनिटं द्या’ हा सल्ला कृपया नको, तो करून झाला. मला क्रम हवा आहे. आणि एखादं उपकरण कुणाला देण्याआधी ते आतून खरंच रिकामं झालंय याची खात्री कशी करायची?

प्रतिसाद

साखळी तुम्हीच नीट मांडली आहे. आता तिच्या शेवटच्या कडीपासून उलट या. आधी खाती, मग फोटो, मग यंत्रं, आणि वायरी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक वायरींपासून सुरू करतात, कारण त्या डोळ्यांवर येतात.

पण त्याही आधी तो फोन. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो. चार्जिंगला लावू नका, स्क्रीन दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. बंद करून, कागद-कापडापासून लांब, थंड जागी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. कचऱ्याच्या डब्यात ती कधीच टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. नवी बॅटरी बसवून फोन तासभर जरी चालू झाला, तरी कोडचं ॲप दुसऱ्या फोनवर नेता येतं.

कदाचित तेवढंही करावं लागणार नाही. लॅपटॉप चालू होतो ना? मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी बघा. बाबांनी कधी तरी ‘सेव्ह’ म्हटलं असण्याची शक्यता दांडगी आहे. शिवाय नेहमीच्या यंत्रावर गूगल अनेकदा कोड मागतही नाही. म्हणून लॅपटॉप इतक्यात काढून टाकू नका, फॉरमॅट तर नकोच. आत शिरलात की चालू मोबाइल नंबर जोडा आणि बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला चालणारे, प्रत्येकी एकदाच वापरायचे आकडे) कागदावर छापून घ्या. घाई एवढ्यासाठी की २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे.

फोटो क्लाउडवर ‘चढवलेत’ म्हणजे सुरक्षित आहेत असं धरू नका. सिंक (फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो उडवला की तो फोनवरून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा गेला. आधी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि मधलेअधले फोटो उघडून बघा. नुसती फाइलींची नावं दिसली म्हणून समाधान मानू नका.

रिकामं करण्याबद्दल: फोन असेल तर आधी खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट. उलट केलंत तर नव्या माणसाला तो फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. अँड्रॉइडमध्ये हे कुलूप ५.१ पासून आलं, आयफोनमध्ये त्याआधी. लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर सगळ्या डिस्कवर एकदा नवं लिहून काढलं की पुरे. एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर त्या पद्धतीचा भरवसा नाही. ती लिहायची जागा आतल्या आत बदलत राहते, त्यामुळे जुने तुकडे मागे राहू शकतात. तिच्यासाठी डिस्कच्या कंपनीचं सिक्युअर इरेज (सगळी डिस्क आतून पुसणारी सोय) वापरा.

प्रतिसाद

वरच्या क्रमाला +१. फक्त एक भर. डुप्लिकेट फोटो हाताने निवडायला बसू नका, आयुष्य जाईल. ड्यूपगुरू किंवा च्कावका अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत. मात्र ‘सारख्या फाइली’ शोधलंत तर निम्मं हाती लागणार नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, म्हणजे दिसायला तोच पण फाइल वेगळी. ‘सारखी दिसणारी चित्रं’ हा पर्याय निवडा. मूळ ओळखायची खूण सोपी आहे. आकार मोठा, आणि माहितीत कॅमेऱ्याचं नाव व फोटो काढल्याची तारीख. फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत हे गळून जातं.

प्रतिसाद

वायरींवर कुणीच बोलेना म्हणून. अडॅप्टरवरचं बारीक अक्षर मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. व्होल्ट उपकरणाशी तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. गोल पिन असेल तर अधिक-उणेचं चिन्हही उपकरणाशी जुळतंय ना ते बघा, आतलं टोक अधिक की बाहेरचं. ज्याचं उपकरण घरात उरलंच नाही तो अडॅप्टर बिनदिक्कत काढा.

टाइप-सी वायरी सगळ्या दिसायला सारख्या, पण काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन कॉम्प्युटरला जोडा, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा. कॉम्प्युटरवर फोन दिसला तर वायर ठेवा. आणि ठेवाल तिला कागदी चिकटपट्टी लावून वर लिहा, नाहीतर पुन्हा भेंडोळं.

राउटरला कंपनी सुरक्षेचे अपडेट देत नसेल तर तो ठेवायचा मोह नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! ब्राउझरच्या यादीत पासवर्ड सापडला. बाबा म्हणाले, ‘मी सांगत होतोच.’ काय सांगत होते कोण जाणे. नंबर जोडला, कोड छापले. क्लाउडवर लॅपटॉपमधले अर्धेच फोटो निघाले, उरलेल्यांची प्रत आता डिस्कवर जाते आहे. फोन दुरुस्तीवाल्याकडे पोचवला.

राहिली ती चपट्या कनेक्टरची हार्ड डिस्क. तिचं काय करू?

प्रतिसाद

ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क. आयडीई-साटा (साटा ही त्यानंतरची जोडणी) ते यूएसबी असा कन्व्हर्टर मिळतो. साडेतीन इंची डिस्क असेल तर स्वतंत्र वीजपुरवठ्यासह येतो तोच घ्या, तिला १२ व्होल्ट लागतात आणि नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. लॅपटॉपची अडीच इंची असेल तर बहुधा यूएसबीवर चालते. लावल्यावर एकसारखा टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतलं खरंच मोलाचं असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आवाज नसेल तर आधी सगळं कॉपी करून घ्या, निवडानिवड नंतर.