टॅक्स क्रेडिटची कपात : २०१५ साली हाउस ऑफ लॉर्ड्स चुकले होते का?

लेस्टरकर (धागा मांडताना)

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे निवडून न येणाऱ्या वरिष्ठ सभागृहाने, टॅक्स क्रेडिटची कपात रोखून धरली. आपल्या मंडळींत हा विषय निघाला की ‘निवडून न आलेल्यांनी निवडून आलेल्यांचा हात धरला’ एवढ्या एका वाक्यात तो निकाली काढला जातो. लॉर्ड्सनी त्या दिवशी केले ते योग्यच होते असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

टॅक्स क्रेडिट हे नाव दिशाभूल करणारे आहे. ती प्राप्तिकरातली सूट नव्हती. कमी पगारावर राबणाऱ्या आणि मुले असलेल्या कुटुंबांच्या बँक खात्यात दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी जमा होणारी ती रोख रक्कम होती. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना १९९९ मध्ये तिचे पहिले रूप आले आणि एप्रिल २००३ पासून वर्किंग टॅक्स क्रेडिट व चाइल्ड टॅक्स क्रेडिट असे तिचे दोन भाग झाले. घरी बसून भत्ता घेण्यापेक्षा कामावर जाणे माणसाला परवडले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

वार्षिक उत्पन्न ६,४२० पौंडांच्या आत असेल तर रक्कम पूर्ण मिळे, आणि त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ४१ पेन्स वजा होत. जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ही मर्यादा एप्रिल २०१६ पासून ३,८५० पौंडांवर खाली आणण्याचा आणि ४१ चे ४८ पेन्स करण्याचा प्रस्ताव ठेवला. पहिल्याच वर्षी सुमारे ४.४ अब्ज पौंड वाचवण्याचा त्यांचा हिशेब होता. पंचवीस वर्षे व त्यावरील कामगारांचे किमान वेतन ताशी ७.२० पौंड होणार असल्यामुळे बहुतेक कुटुंबांचे नुकसान भरून निघेल, असे सरकार सांगत होते.

आता साधा हिशेब मांडू. आठवड्याला ३० तास, ताशी ६.७० पौंड या तेव्हाच्या किमान दराने वर्षाचे उत्पन्न होते १०,४५२ पौंड. जुन्या नियमाने त्यावर १,६५३ पौंडांची वजावट होत होती, नव्या नियमाने ती ३,१६९ पौंड झाली असती. म्हणजे वर्षाला १,५१६ पौंडांचा फटका. वेतनवाढीतून त्याच माणसाला मिळणार होते ७८० पौंड, आणि तेही विम्याची वर्गणी व इतर वजावटी होण्यापूर्वीचे. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही संस्था तेव्हा हेच सांगत होती.

आमच्या शेजारी एक बाई राहत असत. दोन मुले, घरात एकट्याच कमावत्या, आणि वृद्धाश्रमात सकाळी सहाची पाळी. दर वर्षी जुलै संपत आला की नूतनीकरणाचा अर्ज घेऊन त्या माझ्याकडे येत, कारण ३१ जुलै ही अखेरची तारीख असे. पगाराच्या चिठ्ठ्या त्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर महिन्यांच्या क्रमाने मांडत, आणि एखादी चिठ्ठी कमी भरली की सगळी पिशवी पालथी घालत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या अर्जाशिवायच आल्या. मी वरचा आकडा त्यांना सांगितला. त्यांनी तो पाकिटाच्या मागे लिहिला, त्याला ५२ ने भागले, २९ पौंड आले, आणि ‘म्हणजे एका आठवड्याची भाजी, दूध आणि ब्रेड’ एवढे बोलून त्या उठल्या.

निवडणुकीपूर्वी दूरदर्शनवरील कार्यक्रमात थेट विचारले असता, चाइल्ड टॅक्स क्रेडिट कमी करण्याचा आपला विचार नाही, असे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सांगितले होते. जाहीरनाम्यात १२ अब्ज पौंडांची कल्याणखर्चातली कपात होती, पण ती कोणाच्या ताटातून होणार हे त्यात नव्हते. म्हणून सरकारला जनादेश होता हे म्हणणे मला पटत नाही. लॉर्ड्सनी दोन प्रस्ताव मंजूर केले : आर्थिक परिणामांच्या विश्लेषणाला सरकारचे उत्तर मिळेपर्यंत कपातीची नियमावली पुढे न नेण्याचा बॅरोनेस मीचर यांचा प्रस्ताव ३०७ विरुद्ध २७७ मतांनी, आणि सध्याच्या लाभार्थ्यांना तीन वर्षांचे संरक्षण मागणारा बॅरोनेस हॉलिस यांचा प्रस्ताव २८९ विरुद्ध २७२ मतांनी. २५ नोव्हेंबरला ऑस्बर्न यांनी ही कपात मागे घेतली.

कोथरूडकर

आपण मांडलेला हिशेब मी तपासला, तो बरोबर आहे. मतभेद पुढच्या निष्कर्षाशी आहे. १५ सप्टेंबर २०१५ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ही नियमावली ३२५ विरुद्ध २९० मतांनी मंजूर केली होती, आणि २० ऑक्टोबरला विरोधकांचा प्रस्तावही फेटाळला होता. पैशाच्या बाबतीत अंतिम शब्द लोकनियुक्त सभागृहाचा, हे तत्त्व १९११ च्या पार्लमेंट अॅक्टच्याही आधीपासूनचे आहे. आपल्याकडे राज्यसभा धनविधेयक फार तर चौदा दिवस ठेवू शकते, ते याच परंपरेतून. आज आपल्याला पसंत असलेल्या कारणासाठी ही मर्यादा ओलांडणे योग्य वाटले, तर उद्या नापसंत कारणासाठी ती ओलांडली जाईल तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. कमी पगाराची भरपाई सरकार करू लागले की पगार वाढवण्याची निकड मालकाला उरत नाही. इंग्लंडने हा प्रयोग पूर्वीही केला आहे. १७९५ मध्ये बर्कशरमधल्या स्पीनहॅमलंड येथे दंडाधिकाऱ्यांनी ब्रेडच्या भावानुसार शेतमजुरांच्या मजुरीत सार्वजनिक निधीतून भर घालण्याचे ठरवले, आणि शेतमालकांनी मजुरी कमीच ठेवली अशी टीका पुढे अनेक वर्षे होत राहिली. १८३४ चा कठोर गरीब-कायदा त्याच टीकेच्या बळावर आला. टॅक्स क्रेडिटवरचा खर्च वर्षाला सुमारे ३० अब्ज पौंडांवर गेला होता. त्यातला काही वाटा तरी मोठ्या दुकानांच्या आणि गोदामांच्या मालकांच्या खिशात अप्रत्यक्षपणे जात होता, हे नाकारता येणार नाही. शिवाय प्राप्तिकर लागू होणाऱ्या कामगाराने एक पौंड जास्त कमावला तर २० पेन्स प्राप्तिकर, १२ पेन्स राष्ट्रीय विमा आणि ४१ पेन्स वजावट, म्हणजे ७३ पेन्स जातात. ही व्यवस्था माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवते.

लेस्टरकर

कोथरूडकर, आपण ७३ पेन्सचा मुद्दा काढलात म्हणून विचारते : वजावट ४१ वरून ४८ केल्यावर ते ७३ चे किती झाले असते? ८०. ज्या सापळ्याची आपल्याला चिंता आहे, तो ऑस्बर्न यांचा प्रस्ताव आणखी आवळत होता. सापळा सैल करायचा असेल तर त्याचा मार्ग पुढे २०२१ च्या अखेरीस दिसला, जेव्हा टॅक्स क्रेडिटची जागा घेणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटमधील वजावट ६३ वरून ५५ पेन्सवर आणली गेली.

धनविधेयकाशी केलेली तुलनाही इथे लागू पडत नाही, कारण ते विधेयकच नव्हते. २००२ च्या टॅक्स क्रेडिट्स अॅक्टखाली काढलेली ती नियमावली होती, आणि ती अमलात येण्यासाठी दोन्ही सभागृहांची संमती हवी, असे त्या कायद्यातच लिहिले होते. सरकारला लॉर्ड्सना वगळायचे असते तर हीच कपात वित्त विधेयकातून आणता आली असती. सोयीसाठी आखूड रस्ता निवडायचा आणि त्या रस्त्यावरच्या फाटकाबद्दल तक्रार करायची, हे न्याय्य नाही. नियमावली कायमची मारून टाकणारा बॅरोनेस मन्झूर यांचा प्रस्ताव लॉर्ड्सनी त्याच दिवशी ३१० विरुद्ध ९९ अशा मोठ्या फरकाने फेटाळला, हेही विसरून चालणार नाही.

डिचोलीकर (सध्या स्विंडन)

मी दोघांच्याही मधला आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून इथे आलेली आमच्यासारखी बरीच कुटुंबे गोदामांत रात्रपाळी करतात, आणि ब्रिटन युरोपीय संघात असताना आम्हीही टॅक्स क्रेडिट घेतले आहे. त्या पैशातून मुलीच्या शाळेचे बूट आणि हिवाळ्यातले गॅसचे बिल निघत असे, म्हणून त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

तरीही कोथरूडकर म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. वर्किंग टॅक्स क्रेडिटसाठी मुले असलेल्यांना आठवड्याला १६ तासांची अट होती. एप्रिल २०१२ पासून जोडप्यांसाठी ती २४ तासांची झाली. आमच्याकडे पाळ्यांचा तक्ता लागे त्यात बायकांच्या नावांपुढे ओळीने १६, १६, १६ असेच आकडे असत. जास्त तास मागितले तर मुकादम सरळ सांगे की तुम्हाला तेवढ्यात सरकारकडून मिळतेच ना. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅमेरॉन यांनी युरोपातून नव्याने येणाऱ्या कामगारांना चार वर्षांपर्यंत हे लाभ मर्यादित करण्याची मुभा ब्रसेल्सकडून मिळवली, तेव्हा आमच्या घराघरांत चर्चा झाली ती हीच, की लाभ गेला तर पगार वाढेल का. जूनमधल्या ब्रेक्झिटच्या सार्वमताने तो करारच रद्द ठरला, त्यामुळे उत्तर कधी कळले नाही.

हौन्स्लोकर

कामाच्या व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांच्या परवान्यावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते. मी पाच वर्षे पूर्ण प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विमा भरला, दोन मुले वाढवली आणि यातला एक पेनीही घेतला नाही. तिसरे मूल नको हा निर्णय आम्ही नवरा-बायकोने जमाखर्चाची वही समोर ठेवून घेतला. मग एप्रिल २०१७ पासून दोन मुलांपुरतीच मदत देण्याचा जो नियम आला, त्यात अन्याय कोणता? सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२१ मध्ये तो वैध ठरवला होता. असे असताना २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी एप्रिल २०२६ पासून तो उठवण्याची घोषणा केली, आणि त्याचा बोजा करदात्यांवरच येणार आहे.

लेस्टरकर

हा नियम त्याच जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पातला आहे, म्हणून तो विषयाला धरूनच आहे. ऑस्बर्न यांच्या कपातीचे दोन भाग होते. एक जिवंत, मतदान करणाऱ्या, पाकिटाच्या मागे हिशेब करणाऱ्या माणसांवर पडणार होता. तो साडेचार महिन्यांत मागे घ्यावा लागला. दुसरा ६ एप्रिल २०१७ पासून पुढे जन्माला येणाऱ्या तिसऱ्या मुलावर पडणार होता, आणि तो नऊ वर्षे टिकला. ज्यांच्यावर तो पडला ती मुले २०१५ मध्ये जन्मलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या वतीने कोणाच्याही खासदाराला पत्र गेले नाही. ग्लासगोच्या खासदार अॅलिसन थ्यूलिस यांनी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतून एक कलम शोधून काढले : बलात्कारातून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला सवलत होती, पण त्यासाठी आईने ते घडल्याचे कळवायचे. आपण शांतपणे विचार करावा, हौन्स्लोकर, की सरकारी अर्जावर हे लिहिण्याची वेळ कोणत्या स्त्रीवर यावी.

जमाखर्चाची वही आपण मांडलीत, तिचा मला आदर आहे. पण वहीत पुढच्या वर्षी नवऱ्याचे निधन लिहिलेले नसते, नोकरी जाणेही लिहिलेले नसते. सुस्थितीत तिसरे मूल झालेल्या आणि नंतर विधवा झालेल्या बाईला या नियमात अपवाद नव्हता. वर्षाला सुमारे ३,५०० पौंड तिला नाकारले जात, आणि या नियमाचा फटका बसलेल्या निम्म्याहून अधिक घरांत कोणी ना कोणी कामावर जात होते. २३ जुलै २०२४ रोजी हा नियम काढण्याच्या बाजूने मत दिले म्हणून मजूर पक्षाने आपल्याच सात खासदारांना संसदीय गटातून निलंबित केले होते; त्याच पक्षाला सोळा महिन्यांत भूमिका बदलावी लागली. १९४५ च्या फॅमिली अलाउन्सेस अॅक्टमध्ये आठवड्याला पाच शिलिंग मिळत ते दुसऱ्या मुलापासून पुढे, कारण पगार एका मुलापर्यंत पुरेल पण त्यापुढे पुरणार नाही, हे युद्धाने कंगाल झालेल्या त्या देशाने मान्य केले होते.

डिचोलीकर, आपल्या मुकादमाचे उत्तर मी विसरणार नाही. त्यावर उपाय वेतन वाढवण्याचा आहे हे मलाही मान्य आहे, फक्त वेतन आधी वाढावे आणि मदत नंतर कमी व्हावी. २०१५ मध्ये हा क्रम उलटा होता.

हौन्स्लोकर

विधवेच्या उदाहरणाचा मी विचार केला नव्हता, आणि तिथे अपवाद असायला हवा होता हे मान्य करतो. पण त्यासाठी अपवादांची यादी वाढवता आली असती; संपूर्ण मर्यादा उठवण्याची गरज होती असे मला अजूनही वाटत नाही.