लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं वार्तापत्र काढतोय, नक्की कोणाच्या बातम्या घ्यायच्या?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका लॉ कॉलेजातून पास होऊन मला चौदा वर्षं झाली, रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. येत्या मे महिन्यात कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा आहे आणि त्यासाठी सोळा पानी वार्तापत्र काढायचं ठरलंय, त्यात माजी विद्यार्थी आणि शिक्षक दोघांच्या बातम्या. काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी आनंदाने घेतलं, कारण कॉलेजने मला खूप दिलंय.

सगळ्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला की आपापल्या बातम्या पाठवा. पंधरा दिवसांत त्रेचाळीस आल्या. दोन जण जेएमएफसी (दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) झालेत, तीन एपीपी (सहायक सरकारी वकील), नोटरी झालेले बरेच, एक सरपंच, एका मॅडमची पीएचडी झाली, आणि बाकी मग "अमुक केसमध्ये हायकोर्टात यश" असं लिहून हार घातलेले फोटो. सगळ्यांचा मनापासून अभिमान आहे. पण यादी टेबलावर ठेवून बघितली तेव्हा ज्यांची नावं मला आधी आठवायला हवी होती तेच त्यात नाहीत असं लक्षात आलं.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण रायगडात आहे. गेली नऊ वर्षं ती कातकरी वाड्यांवर जाऊन दळीच्या जमिनींचे वनहक्काचे दावे भरून देते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दळी म्हणजे डोंगर उतारावरची जमीन, इंग्रजांच्या काळापासून कातकरी ठाकूर कसत आले पण सातबारावर नाव नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, आणि प्रत्येक ठिकाणी कागद कमी पडतो. म्हातारी माणसं पुरावा म्हणून जुन्या दंडाच्या पावत्या कनवटीतून काढून देतात. तिला फोन केला तर म्हणाली, "माझं काय छापणार तुम्ही, मला ना पद मिळालंय ना पुरस्कार."

तर प्रश्न असा की निकष काय लावायचा? आणि शिक्षकांच्या बातम्या कशा घ्यायच्या, त्यांनी तर काहीच पाठवलेलं नाही.

बाररूमचा_कोपरा:
सर्वात आधी एक सावधगिरीची गोष्ट, कारण उत्साहाच्या भरात हे राहून जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ काढून परत वाचा. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाची मागणी करायची नाही, जाहिरात करायची नाही, आणि आपण ज्या केसमध्ये उभे आहोत त्या केससंबंधी मजकूर किंवा फोटो छापून आणायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे. २००८ साली दुरुस्ती होऊन वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद नंबर, शिक्षण, कुठल्या प्रकारचं काम करता एवढं टाकायला मुभा मिळाली, पण तेवढंच. त्यामुळे ते "अमुक केसमध्ये यश" वाले हाराचे फोटो सरळ बाजूला काढा. वार्तापत्र कॉलेजचं असलं तरी ते व्हॉट्सॅपवर फिरणार, पक्षकारांच्या हातात जाणार, आणि उद्या कोणी तक्रार केली तर निस्तरायचं त्या वकिलाला.

तुमच्या मैत्रिणीबद्दल लिहितानासुद्धा हेच सांभाळा. दावेदारांची नावं नकोत, वाडीचं नाव नको, आणि "संपर्क करा" तर अजिबात नको. दळी म्हणजे काय, दावा कुठल्या पायरीवर अडतो, कुठला पुरावा चालतो एवढं लिहिलंत तरी वाचणाऱ्या वकिलाला त्याचा उपयोग होईल.

आणि मला तुमचा निकषाचा मुद्दा पटला. मी ३७ वर्षं कोर्टात आहे. कोणाला वकील म्हणायचं हे बाररूममध्ये सगळ्यांना माहीत असतं, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. वारसतपासाच्या अर्जात कोण एकही चूक ठेवत नाही, पक्षकाराला तारखेला उगाच कोण बोलवत नाही, ज्युनिअरला उलटतपास कोण करायला देतो, ह्याची बातमी कधी झाली नाही.

सुरंगी:
मी सिंधुदुर्गातली, प्रॅक्टिसला आठ वर्षं. माझं मत, पद आणि पुरस्कार सोडून "कोर्टात काय बदललं" असं एक पान ठेवा आणि त्यात आपल्या लोकांचे अनुभव घ्या. आता बघा, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच (म्हणजे फिरतं खंडपीठ) सुरू झालं, त्यात कोल्हापूर सातारा सांगली सोलापूरसोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत. चाळीसएक वर्षांची मागणी होती. आमच्याकडचा माणूस आधी सेकंड अपीलसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचा, दादरला उतरून नातेवाईकांकडे आंघोळ करून कोर्टात, आणि तारीख पडली की परत. सावंतवाडीहून ते पाचशे किलोमीटर आहे हो. आता फोंडा किंवा आंबोली घाट चढला की त्याच दिवशी परत येता येतं.

माझ्यासाठी त्याचा अर्थ काय झाला ते सांगते. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मुंबईला जाऊन हायकोर्टाचं काम करणं मला शक्यच नव्हतं, मॅटर मुंबईच्या वकिलांकडे पाठवून द्यायचे. यंदा मी पहिल्यांदा स्वतः उभी राहिले. दोन मिनिटांचं काम होतं, मुदत मागायची होती फक्त, पण रात्रभर झोप नव्हती आणि घाट उतरताना गाडीत एकटीच रडले. असं माझ्यासारख्या कितीजणींचं झालं असेल, ते विचारून घ्या ना.

(मंडणगड दापोलीवाल्यांना मात्र मुंबईच जवळ पडते, त्यांचं म्हणणं वेगळं असेल, तेही घ्या.)

पारावरचा:
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पदाच्या बातम्या कमी करा असं सगळेच म्हणतायत, पण त्या बातम्यांनी काय होतं ते मी माझ्या गावात बघितलंय. आमच्या वाडीतली एक मुलगी जेएमएफसी झाली, वडील होडीवर खलाशी. तिचा फोटो एसटी स्टँडवर लागला. पुढच्या दोन वर्षांत आमच्याच पंचक्रोशीतून तीन मुलींनी लॉच्या सीईटीचा फॉर्म भरला, त्यातल्या एकीचे वडील आधी म्हणत होते की वकिली हे बाईमाणसाचं काम नाही. ह्या माणसाला दळीच्या जमिनीचा लेख वाचून काही वाटलं नसतं, त्याला तो फोटोच दिसायला हवा होता.

२०२२ ला उदय लळीत साहेब सरन्यायाधीश झाले तेव्हा देवगड तालुक्यातल्या गिर्ये गावाचं नाव सगळ्या पेपरात आलं, त्यांचं मूळ गाव. मुदत फक्त ७४ दिवसांची होती, पण आमच्याकडे शाळेतल्या पोरांना "सरन्यायाधीश म्हणजे कोण" हे त्यामुळे कळलं. हे लहान नाही.

फक्त फोटोखाली नुसतं अभिनंदन लिहून थांबू नका. ती कशी झाली ते लिहा. किती वेळा पूर्व परीक्षेत नापास झाली, कुठे राहून अभ्यास केला, ज्युनिअरशिप करताना महिन्याला हातात किती यायचे. आता तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षं प्रॅक्टिस परत सक्तीची झालीये, म्हणजे गरीब घरच्या पोराला तीन वर्षं काढायची कशी हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ज्यांनी ती काढली त्यांच्याकडेच मिळेल.

तासिकावाला:
शिक्षकांनी बातम्या का नाही पाठवल्या ते मी सांगू शकतो, कारण मी त्यातलाच. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवतोय. आमच्यासारख्यांना वाटतं की पेपर प्रसिद्ध झाला, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालो, पीएचडी झाली तरच ती बातमी. बाकी काय पाठवणार?

पण थोडं मागे जाऊन बघा. पां. वा. काणे आपल्या इथले, वडील दापोलीत वकिली करायचे. ते स्वतः हायकोर्टात वकिली करायचे आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवायचे. व्यवहारमयूख ह्या हिंदू कायद्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाला एक प्रस्तावना लिहावी म्हणून बसले आणि त्यातून धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला, पाच खंड, सहा हजारांहून जास्त पानं, पहिला खंड १९३० चा आणि शेवटचा १९६२ चा. भारतरत्न १९६३ ला मिळालं. मधली बत्तीस वर्षं हा माणूस रोज थोडं थोडं लिहीत होता, त्यातल्या एखाद्या मंगळवारी त्यांना "सर काय बातमी" विचारलं असतं तर काय सांगितलं असतं त्यांनी? आणि त्यांच्या आधी मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, दापोली तालुक्यातलेच, त्यांनीही १८८० मध्ये त्याच व्यवहारमयूखाचं भाषांतर केलेलं. एकाच तालुक्यातली दोन माणसं एकाच ग्रंथावर, मला हे अजून वर्गात सांगताना अंगावर काटा येतो.

दुसरं उदाहरण मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना देतो. बाबासाहेब १९३५ साली त्याच सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या वेळी महाडच्या चवदार तळ्याचा दावा चालूच होता आणि त्यात ते स्वतः प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टात दावा पडला, मग ठाण्याला अपील, आणि हायकोर्टाचा निकाल आला मार्च १९३७ ला. अस्पृश्यांनी तळ्याचं पाणी घ्यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे असं वादींचं म्हणणं होतं, ते त्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून अपील फेटाळलं गेलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधानसभेत कोकणातली खोती, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करायचं बिल मांडलं. तिकडे अलिबागजवळ चरीचे शेतकरी खोतांविरुद्ध १९३३ पासून संपावर होते, जमिनी ओसाड ठेवून. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मी मुलांना म्हणतो, निकाल नुसता वाचू नका, तारखा शेजारी शेजारी लिहून बघा.

म्हणून माझी सूचना अशी की शिक्षकांना "तुमची बातमी पाठवा" असं विचारू नका. माजी विद्यार्थ्यांना विचारा, "कुठल्या सरांनी किंवा मॅडमनी शिकवलेली कुठली गोष्ट तुम्ही आजही कोर्टात वापरता?" त्यातून शिक्षकांचं पान आपोआप भरेल. मला एक विद्यार्थी सहा वर्षांनी भेटला आणि म्हणाला सर तुम्ही कूळकायद्याच्या कलम ३२ग ची नोटीस फळ्यावर लिहून दाखवलेली ना, तीच अजून डोळ्यासमोर असते. मी दिवसभर हवेत होतो.

खाडीकाठ:
तासिकावाले सर, तुमचा प्रश्न काल रात्री तसाच्या तसा ग्रुपवर टाकला आणि आत्तापर्यंत ७१ उत्तरं आलीयेत. ७१! आधी पंधरा दिवसांत त्रेचाळीस आलेली.

आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच सरांबद्दल आहेत. ते आम्हाला जमीनविषयक कायदे शिकवायचे. पुस्तकात खोती आणि कूळकायदा मिळून आठ पानं असायची, सर दोन महिने घ्यायचे. खोताचा खासगी सातबारा कसा ओळखायचा, सामाईक जमिनीत कोणाचा हिस्सा कुठे लपलेला असतो, कूळकायद्यातल्या कृषक दिनाला, १ एप्रिल १९५७ ला, जमीन कोण कसत होतं हे पीकपाहणीवरून कसं बघायचं, देवराहाटीची (देवाच्या नावाने राखलेल्या जंगलाची) नोंद कशी वाचायची, सिंधुदुर्गातली कबुलायतदार गावकर ही सामाईक जमिनीची पद्धत काय. हे सगळं त्यांनी स्वतः तलाठी कार्यालयातून आणि जुन्या दप्तरातून उतरवून काढलेलं, हाताने, लांब वह्यांमध्ये. कधी छापलं नाही. कॉलेजच्या कुठल्याही अहवालात त्यांच्या नावापुढे एकही प्रकाशन नाही. चार वर्षांपूर्वी सर गेले.

मी आज दुपारी धीर करून त्यांच्या घरी फोन केला, काकूंनी उचलला. वह्या आहेत. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं ऑफिस पूर्ण पाण्याखाली होतं, पुस्तकं गेली, पण सरांनी वह्या आदल्या संध्याकाळी वर नेऊन ठेवलेल्या. अकरा आहेत. खालच्या दोन ओलावल्या, त्या काकूंनी एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवल्यात. म्हणाल्या, "कोणीतरी विचारेल म्हणून ठेवल्यात."

तर आता ठरलं ते असं. केस जिंकल्याचे फोटो सगळे काढले, ज्यांचे होते त्यांना फोन करून नियम ३६ सांगितला, दोघांनी नाराजी दाखवली पण समजून घेतलं. जेएमएफसी झालेल्या दोघींच्या मुलाखती पारावरच्यांनी सांगितलं तशा, ज्युनिअरशिपच्या पैशांच्या हिशोबासकट. सुरंगीताई, तुमचं पान तुम्हीच लिहा, दोन मिनिटांच्या त्या मुदतीबद्दलच लिहा, व्यनि केलाय. मैत्रीण तयार झाली, नाव न घालता दळीच्या दाव्याची एकेक पायरी लिहून देते म्हणाली. आणि मधली चार पानं सरांच्या वहीतली, त्यांच्या अक्षरात, जशीच्या तशी.

शनिवारी वह्या बघायला चिपळूणला जातोय. वह्या लांब आकाराच्या आहेत, मोबाईलवर नीट येणार नाहीत, आणि ती दोन वह्यांची सुटी पानं फार नाजूक आहेत, झेरॉक्सवाल्याकडे द्यायची भीती वाटते. चिपळूण खेडच्या बाजूला कोणाकडे मोठा सपाट स्कॅनर आहे का?

बाररूमचा_कोपरा:
माझ्याकडे आहे, ए३ चा. खेडला. शनिवारी कोर्टाला सुट्टी आहे, मीच चिपळूणला घेऊन येतो, वह्या घराबाहेर काढायलाच नकोत. सर माझेही होते.