मदत हवी आहे: १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, ऑनलाइन लिलावात बोली कुठे थांबवावी?

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांतले जाणकार इथे बरेच आहेत म्हणून थेट विचारतो. एका ऑनलाइन लिलावात १९६७ ची फियाट ११०० डिलाइट आली आहे. गाडी कोइमतूरला, मी पुण्यात. बोली आत्ता ४,६०,००० वर आहे आणि लिलाव रविवारी रात्री ८ वाजता बंद होतो. ही गाडी खरोखर कितीची, हेच मला ठरवता येत नाहीये.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आमच्या अण्णांकडे १९७४ ते १९९१ याच मॉडेलची गाडी होती. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकी चढून गेलो की बॉनेट उघडून थांबायचं, रेडिएटर निवला की डब्यातलं पाणी ओतायचं आणि मग पुढे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. माझ्या गाडीत शेजारी बसले की चढावर त्यांचा हात अजूनही स्टिअरिंगजवळचा हँड गिअर शोधल्यासारखा हलतो. या सगळ्यामुळे माझ्या मनातला आकडा फुगतोय हे मला कळतं, म्हणूनच बाहेरच्या माणसाचं मत हवं आहे.

किमतीचा अंदाज घ्यायला महिनाभर जाहिराती चाळल्या. अडचण अशी की जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. गाडी शेवटी कितीला गेली ते कुणी लिहीत नाही. लिलावात निदान शेवटची बोली दिसते, पण राखीव किंमत (मालकाने ठरवलेली किमान) गाठली नाही म्हणून परत गेलेल्या गाड्या यादीतून नाहीशा होतात, त्यामुळे उरलेले आकडे चढेच दिसतात. शिवाय दोन माणसं इरेला पेटली की आकडा कुठेही जातो. त्यावरून गाडीची किंमत कळत नाही, त्या दोघांना ती किती हवी होती एवढंच कळतं. प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे डिलाइटच्याच पुढच्या रूपाच्या, बाबतीत तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरल्यावर भावनेचा भाव वेगळाच लागतो असं मला वाटतं, आणि तो तिच्या आधीच्या डिलाइटलाही चिकटतो.

आता फोटोंकडे येतो. एकूण ३४ फोटो आहेत. त्यातले निम्मे क्रोमचे, ग्रिलचे, मावळतीच्या उन्हातले. खालून घेतलेला एकही नाही. मॅट उचलून दाखवलेला फ्लोअर नाही. या गाडीला वेगळी चॅसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर नुसत्या रंगाने काही होत नाही. फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. मागच्या काचेच्या रबरावर रंगाची बारीक कड आली आहे, म्हणजे काच न काढताच स्प्रे मारलाय. आणि डाव्या पुढच्या दाराची फट वर बोटभर रुंद आहे, खाली जवळजवळ मिटलेली. दार लोंबलंय की खांबच सरकलाय? बिजागरीची पिन झिजली असेल तर किरकोळ काम, खांब सरकला असेल तर मी हात लावणार नाही.

इंजिनाची मला तेवढी भीती नाही. १०८९ सीसीचं हे इंजिन पुढे पद्मिनीतही चालू राहिलं, त्यामुळे पिस्टन-रिंग, वॉटर पंप, क्लच प्लेट नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या जुन्या मालात मिळतात. डिलाइटचीच म्हणून असलेली चिन्हं, दिव्यांच्या कडा, डॅशबोर्डवरची घड्याळं ही मात्र शोधून शोधून जमवावी लागतात, आणि या गाडीवर मागचं 'डिलाइट' हे अक्षरचिन्हच नाही. मीटर ४३,००० दाखवतोय. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे त्या आकड्याला मी काहीच किंमत देत नाही. बरोबर ना?

कागदांचं मात्र नीट कळायला हवं. गाडी ५० वर्षांवरची आहे, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर ५,०००, मुदत १० वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. जुनी तीन अक्षरी पाटी राहणार, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण त्या नोंदणीत गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. अण्णांना दर रविवारी चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवत राहणंच बरं का? ज्यांनी परराज्यातली जुनी गाडी ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्रात पासिंग करून घेतली आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहा.

हिशोब असा मांडलाय: बोली ४,६०,०००. त्यावर १० टक्के कमिशन ४६,०००. कमिशनवर १८ टक्के जीएसटी ८,२८०. ट्रकने आणायला ३५,०००. टायर, ब्रेक आणि वायरिंगला आमच्या मेस्त्रींनी न बघता सांगितलेले ६०,०००. झाले ६,०९,२८०. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा आणि दारात उभी राहणारी गाडी यात दीड लाखाचा फरक. अटींमध्ये 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' लिहिलंय, नंतर तक्रारीला जागा नाही.

मेस्त्री म्हणतात, स्वस्तातली मोडकी गाडी घे, आपण सावकाश उभी करू. मला ते पटत नाही. पत्र्याचं काम सुरू झालं की थांबत नाही, आणि त्यावर घातलेला पैसा विकताना परत येत नाही. ज्याने आधीच मन लावून, टप्प्याटप्प्याचे फोटो ठेवून काम करवलंय त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घेणं मला शहाणपणाचं वाटतं. या मालकाकडे कामाचा एकही फोटो नाही, बिलंही नाहीत. यासाठी तुम्ही किती रक्कम वजा कराल?

शनिवार रात्रीची भर:

प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. "स्वतः जाता येत नसेल तर कुणाला तरी पाठवाच," असं तिघांनी लिहिलं होतं. बहिणीच्या ओळखीतले एक गृहस्थ कोइमतूरला राहतात, ते आज लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गेले आणि तासभर व्हिडिओवर सगळं दाखवलं. उजव्या मागच्या चाकावरच्या कमानीत चुंबक धरतच नाही, घसरून पडतो. तिथे वितभर पुटी भरली आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर छतावर खणखणीत आवाज, कमानीवर भद. खालून सगळीकडे ताजं काळं डांबरी कोटिंग मारलंय, त्यामुळे फ्लोअरचं खरं रूप दिसत नाही. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला तेव्हा आतल्या बाजूने वेल्डिंगचे जाड टाके दिसले. दाराची फट मात्र बिजागरीमुळेच आहे. दार हाताने उचललं की सरळ बसतं. खांब जागेवर आहे.

चॅसिस नंबरची पेन्सिलीने कागदावर घासून छाप घेतली, ती आरसी बुकाशी तंतोतंत जुळते. इंजिन नंबर जुळत नाही. मालक म्हणतात की १९८० च्या सुमारास डिलाइटचंच दुसरं इंजिन बसवलं होतं, आरसीत चढवायचं राहिलं.

यानंतर मी माझ्या बोलीची कमाल मर्यादा ४,००,००० वर आणली होती. ती तर आधीच ओलांडली आहे, म्हणजे हिशोबाप्रमाणे विषय संपला. तरी अण्णांनी व्हिडिओ पाहिला, हॉर्नचा आवाज ऐकून म्हणाले, "हा आपलाच." आता झोप लागत नाहीये.

तेव्हा एकच प्रश्न उरलाय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत कुणी सांगू शकलं तर फार उपकार होतील: इंजिन बदललंय पण जातीचंच आहे, फक्त आरसीत नोंद नाही, अशा गाडीची नोंद आरटीओ दुरुस्त करून देतं का? आणि व्हिंटेज नोंदणीच्या वेळी ते 'मूळ स्वरूप' धरतात का? हो असेल तर मी ४,८०,००० पर्यंत जाईन आणि कमानीचं काम इथे करून घेईन. नाही असेल तर अण्णांना उद्याच सांगून टाकतो.