‘लायसन्स्ड’ काउन्सेलरला मराठीत काय म्हणाल?

मैथिली_डॅलस:
सासरे गेल्यापासून सासूबाईंना झोप नाही. एका काउन्सेलरकडे न्यायचं ठरलंय. नशिबाने ती मराठी बोलणारी निघाली, पण संमतीपत्र इंग्रजीत. ते मी मराठी करतेय. ‘लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर’चं ‘परवानाधारक व्यावसायिक समुपदेशक’ केलं, तर सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, “परवाना दारूच्या दुकानाचा असतो ना गं?” दुसरं काही सुचवा.

गोटीसोडा:
सनदी समुपदेशक! सनदी लेखापाल चालतो की. आमच्या आजोबांची वकिलीची सनद माजघरात गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेली असायची. परवान्याला तो मान नाही.

शुद्धमती:
परवाना फारसी, सनद अरबी. शासनाचा ‘अनुज्ञप्ती’ असताना भीक कशाला मागायची?

कोकणकडा:
आरटीओत शिकाऊ अनुज्ञप्तीच्या रांगेत उभ्या राहून बघा. अख्खी रांग ‘लायसन’ म्हणते. आणि खरी खोट ‘समुपदेशका’तच आहे, पोटात उपदेश घेऊन बसलाय. माझी बहीण हेच काम करते. पेशंटला डोस पाजायचे नाहीत, हा त्यांचा पहिला धडा.

गोटीसोडा:
उप म्हणजे जवळ, दिश् म्हणजे दाखवणं. जवळ बसून वाट दाखवणारा. वाईट काय त्यात?

कोकणकडा:
व्युत्पत्तीने कान धरता येत नाहीत हो. शाळेत समुपदेशकाकडे पाठवलं की पोरगं समजतं, आता बोलणी खायची.

मैथिली_डॅलस:
अहो, बाई शिकलेली आहे एवढं सासूबाईंना पटायला हवंय! टेक्सासात पदव्युत्तर पदवी, परीक्षा, वर देखरेखीखाली ३,००० तासांचं काम, त्यातले १,५०० तास प्रत्यक्ष पेशंटबरोबर. औषध मात्र लिहून देता येत नाही. शिवाय नाव राज्यागणिक बदलतं, न्यूयॉर्कात हीच बाई ‘मेंटल हेल्थ काउन्सेलर’.

अर्धविराम:
म्हणूनच शब्द अडतोय. व्हर्जिनियाने १९७६ साली काउन्सेलरांना लायसन द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत सगळ्यांत आधी. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नुसत्या समुपदेशकाकडे वर्षानुवर्षं कुणी कागद मागितला नाही. चीजच नाही, तर नाव कुठून येणार?

शुद्धमती:
‘चीज’ही फारसीच.

मैथिली_डॅलस:
सासूबाई तिला ‘बोलायची बाई’ म्हणायला लागल्यात. तेच लिहू का? उद्या अकराची वेळ आहे.

शुद्धमती:
‘अनुज्ञप्तिधारक’ लिहा. समासात ‘प्ति’ ऱ्हस्व.