अनोळखी माणसासाठी प्रार्थना करतो, हे त्याला सांगावं का?

मोहरीचा दाणा

ख्रिस्तात नमस्कार. महिनाभर मनात सलतंय, म्हणून विचारते.

माझ्या भावाचं ऑपरेशन होतं. थिएटरबाहेर मी चार तास बसून होते. शेजारी साधारण माझ्याच वयाची एक बाई होती. तिच्या हातात नवऱ्याचं घड्याळ होतं आणि काच स्वच्छ असूनही ती ते सारखं पदराने पुसत होती. तिच्याकडे बघून मला राहवेना. मी तिचा हात धरला, “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” म्हटलं, आणि तिने हो-नाही म्हणायच्या आतच सुरुवात केली. तीही मोठ्याने. प्रभू, यांच्या पतीला पूर्ण बरं कर, वगैरे.

तिने हात सोडवून घेतला. एक शब्दही न बोलता उठली आणि दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. घड्याळ इथेच राहिलं होतं. ते नेऊन दिलं, तर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी गप्प झाले आहे. रुग्णवाहिका गेली की आतल्या माणसासाठी मनात दोन शब्द बोलते. रस्त्यात कुणी रडताना दिसलं तरी तसंच. बायबलमध्ये, मत्तय ६ मध्ये, प्रभू येशू दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगतो, हे ठाऊक आहे. पण माझं दार त्यासाठी लागलंय, की पुन्हा कुणी हात सोडवून घेईल या भीतीने?

रात्रपाळी

मोहरीताई, मी आयसीयूत नर्स आहे, त्यामुळे तुमचा तो बाक मला रोज दिसतो.

तुम्ही विचारलंत, ते चुकलं नाही. उत्तरासाठी थांबला नाहीत, एवढंच. बार्तीमय आंधळा आहे हे येशूला दिसत नव्हतं का? तरी त्याने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? (मार्क १०:५१). समोरच्याला स्वतःच्या तोंडाने मागू द्यायचं, हे मी त्या एका ओळीतून शिकले.

माझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. माझ्या अंगावर गणवेश असतो. पेशंटचं औषध माझ्या हातात, त्याची कूस मी बदलणार. मी “प्रार्थना करू का” म्हटलं तर तो नको कसं म्हणेल? म्हणून मी आपणहून विचारत नाही. प्रत्येक बेडजवळ जाताना हाताला सॅनिटायझर चोळावं लागतं, त्याला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात त्या माणसाचं नाव प्रभूपुढे ठेवते. मग बेडशीटची चुणी काढताना हात आपोआप हलका पडतो. ज्याचं नाव नुकतं देवाजवळ घेतलं, त्याला घाईघाईने कसं वळवणार?

कुणी स्वतःहून म्हणालं, तर एकच वाक्य, हळू आवाजात. आणि “बरे व्हाल” असं वचन मी देत नाही, ते द्यायचा मला अधिकार नाही. त्या बाईंना कदाचित तेच झेपलं नसेल. आत काय चाललंय ते तिला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं.

निळी छत्री

मी ख्रिस्ती नाही. तरी लिहितो.

आईच्या शेवटच्या आजारात आमच्या शेजारच्या पेशंटबरोबर एक मावशी असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांचा चार्जर दिला. दुसऱ्या दिवशी मी रक्त आणायला धावलो, तेव्हा आईजवळ बसल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, “आईचं नाव काय? मी रात्री प्रार्थनेत घेईन, चालेल ना?” मी नाव सांगितलं. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आई गेली. मावशी येऊन शेजारी बसल्या. देवाची इच्छा वगैरे काहीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सहन झालं नसतं. आईचं नाव त्यांच्या प्रार्थनेत किती दिवस होतं कुणास ठाऊक, पण होतं याचा मला अजून आधार वाटतो.

पायवाट

मुली, मनातल्या प्रार्थनेला कमी लेखू नकोस. बाबेलला पकडून नेलेल्या यहुदी बंदिवानांना परमेश्वराने त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं (यिर्मया २९:७). त्या नगरातल्या लोकांना याचा पत्ता तरी असेल का?

पण याकोब २:१५-१६ ही वाच. उघड्या, उपाशी माणसाला “सुखाने जा” म्हणून वाटेला लावणाऱ्याला तो चांगलंच सुनावतो. त्या मावशींचा चार्जर मला म्हणूनच फार मोलाचा वाटला.

मोहरीचा दाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीताई, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं.

काल भावाला तपासणीला नेलं होतं. रांगेत एका आजोबांच्या फायलीतले कागद खाली पडले. उचलून दिले, तारखेप्रमाणे लावायला मदत केली. मग धीर करून म्हटलं, “मी प्रार्थना करते. तुमच्यासाठी देवाकडे काही मागू का?” आणि या वेळी थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, पुन्हा चुकलं.

मग म्हणाले, “माझ्यासाठी नको. बायको आत आहे. तिला सुईची फार भीती वाटते.”

मी आजार बरा होण्यासाठीच मागितलं असतं. सुईचं मला सुचलंच नसतं. तेवढंच मागितलं, एका वाक्यात. आजोबांनी डोळे मिटले नाहीत, दाराकडे बघत राहिले.

घड्याळवाल्या त्या ताईंची माफी मागायची राहून गेली. नाव माहीत नाही, म्हणून रात्री प्रभूजवळ त्यांना घड्याळवाल्या ताई असंच म्हणते. आता त्यांच्यासाठी काय मागायचं हे मी ठरवत नाही, फक्त त्यांची आठवण करून देते.