विषय: न्यूयॉर्क राज्यातलं ७ नोव्हेंबर २०२३ चं मतदान, प्रस्ताव १ (शाळांची कर्जमर्यादा)

नमस्कार मंडळी,

मतपत्रिकेवरचा पहिला प्रस्ताव लहान शहरांच्या शाळांच्या कर्जाबद्दल आहे. आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळा चालवणारा विभाग) त्यात येत नाही. मग अख्ख्या न्यूयॉर्क राज्याला कशाला विचारताहेत? आणि पैसा हवा असेल तर जुनं कर्ज कमी व्याजानं फिरवून (म्हणजे जुनं फेडायला नवं स्वस्त कर्ज काढून) का घेत नाहीत? काका, तुम्ही स्कूल बोर्डाच्या बैठकांना जाता, जरा सांगाल का?

――――

ताई,

सगळ्यांना विचारतात, कारण ही मर्यादा राज्यघटनेतच आहे. सव्वा लाखाहून कमी वस्तीच्या शहरांतल्या ५७ डिस्ट्रिक्टना त्यांच्या हद्दीतल्या करपात्र मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंतच कर्ज काढता येतं. शेजारच्या उपनगरांना १० टक्के, आणि ती मर्यादा घटनेत नाही, साध्या कायद्यात आहे. तुमच्या लाँग आयलंडवरचं ग्लेन कोव्ह आणि लाँग बीचही या ५७ मध्ये आहेत.

आमचं ऑल्बनी बघा. सरकारी कचेऱ्या, इस्पितळं, कॉलेजं, चर्च या सगळ्यांना मालमत्ता कर माफ. म्हणजे मुळात करपात्र मालमत्तेचा आकडा लहान आणि त्याचे पाचच टक्के. छप्पर, बॉयलर, विज्ञानाची प्रयोगशाळा एकदम करता येत नाही, तुकड्यातुकड्यानं करावी लागते, आणि तोवर बांधकाम महागतं. मर्यादा ओलांडायची तर ६० टक्के मतं, शिवाय बोर्ड ऑफ रीजंट्स (राज्याचं शिक्षण मंडळ) आणि राज्याच्या कंप्ट्रोलरची (हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) संमती. शेजारच्या गावातल्या मुलांना जे सहज मिळतं, त्यासाठी शहरातल्या मुलांनी एवढं का थांबायचं? मला हा सरळ अन्याय वाटतो.

कर्ज फिरवलं तरी मुद्दल तेवढंच राहतं आणि मर्यादेत मोजलं जातं. शिवाय यंदाच्या व्याजदरांत फिरवून हाती काय लागणार?

――――

काका, पटलं. पण आमच्याकडे धास्ती आहे की कर वाढणार.

――――

धास्ती समजू शकतो, घरांवरचा कर आधीच जड आहे. पण या प्रस्तावानं एक डॉलरचंही कर्ज निघत नाही. घटनेतली अट निघाली की विधिमंडळ कायद्यानं नवी मर्यादा ठरवेल. त्यानंतरही प्रत्येक मोठ्या बांधकामाचं कर्ज त्या-त्या डिस्ट्रिक्टच्या मतदारांपुढे येणारच. नको असेल तर तिथे नाही म्हणा.

मत फक्त नागरिकांना देता येतं, एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना नाही. आगाऊ मतदान २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. प्रस्ताव बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला छापलेत, तेव्हा मतपत्रिका उलटून बघा.